सहा बोटं माया

"पुन्हा वाच," मास्तरीण म्हणाली. "तेवढं एकच वाक्य पुन्हा वाच, आणि तोंडातल्या तोंडात नको."

तिच्या नातीने मांडीवरचा कागदांचा गठ्ठा सारखा केला. तिची कादंबरी इकडच्या, परमुलखाच्या भाषेत लिहिलेली होती आणि उद्या छापायला जायची होती. आजीला ती भाषा गिऱ्हाइकाशी हुज्जत घालण्यापुरती उत्तम येत असली तरी वाचता येत नव्हती, म्हणून रविवारची दुपार धरून नात एकेक ओळ मनात उलटवून मराठीत सांगत बसली होती.

"'बाळ, फ्रॉक पाठवते आहे,'" नात हळूच म्हणाली. "'तुझ्यावर प्रेम करणं मी सोडून दिलं आहे. इथून पुढे तुझी आत्या तुला वाढवेल.'"

शिवणाच्या दुकानामागच्या त्या खोलीत नळ चालू होता. मास्तरणीची लेक ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून कप विसळत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण तिच्या हातातला कप मात्र विसळला जायचा थांबला.

"हे माझ्या तोंडी कुणी घातलं?" मास्तरणीने विचारलं.

"तुझ्या तोंडी नाही गं आजी, गोष्टीतल्या आजीच्या पत्रात आहे."

"गोष्टीतली आजी कपडे शिवते, तिच्या डाव्या अंगठ्याला सुईचा व्रण आहे, माप घेताना गिऱ्हाइकाला 'श्वास सोडा, तुमचं पोट मला माहीत आहे' म्हणते. ती मी नाही तर कोण, शेजारीण?"

नात हसली नाही. उत्तर ओट्याकडून आलं.

"तिने मनचं लिहिलेलं नाही. मी सांगितलं तिला. तुमचंच पत्र आहे ते."

तुमचंच... सख्खी लेक आईला 'तुम्ही' म्हणायची. नात, जिला मराठीत दहा वाक्यं बिनचूक लिहिता यायची नाहीत, ती आजीला बेधडक 'ए आजी, तू' म्हणायची, आणि जिला नऊ महिने पोटात वागवलं ती लेक तेराव्या वर्षी या मुलखात उतरली, हातातली पेटी खाली ठेवून तिने आईकडे पाहिलं आणि विचारलं होतं, "तुम्ही कशा आहात?" त्या दिवसापासून आजतागायत ते 'तुम्ही' त्या दोघींच्या मधे भिंतीसारखं उभं होतं. लेक समोरच्याच इमारतीत राहायची, दर रविवारी औषधाच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून द्यायची, खिडक्यांच्या काचा पुसून द्यायची, कशात म्हणून कसूर नाही... पण कुणी परक्याच्या म्हाताऱ्या माणसाची सेवा करावी तशी. मास्तरणीच्या अंतःकरणात गेली चाळीस वर्षं एकच आस जळत होती, की मरायच्या आधी एकदा, चुकून का होईना, रागाने का होईना, या पोरीने आपल्याला 'तू' म्हणावं. पण ते मागायचं कसं? ती गिऱ्हाइकाला शब्द मागे घ्यायला लावील, देवाशीही वाद घालील, पण लेकीपाशी हात पसरणं तिच्या रक्तात नव्हतं. आत्याने शिकवलं असेल, असं म्हणून ती मनाशी गप्प बसली होती, आणि त्या गप्प बसण्यातच एक आयुष्य सरलं होतं.

"मी असलं पत्र लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "माझ्या दोनच इयत्ता झाल्या, पण काय लिहिलं नाही ते मला चांगलं ठाऊक आहे."

"पत्र आहे माझ्याकडे," लेक म्हणाली. तिने हात पुसले, फडका घडी घालून अडकवला. "जपून ठेवलंय. आणते."

दार लागलं. तिची पावलं रस्ता ओलांडताना मास्तरीण खिडकीतून पाहत राहिली.

नातीने पानं पुन्हा पहिल्यापासून लावली. थोड्या वेळापूर्वी किती मजेत बसल्या होत्या त्या... आजीने पहिलंच पान हातात घेऊन विचारलं होतं, "चारी बाजूंनी एवढी कोरी जागा कशाला गं टाकलीस? कागद फुकट मिळतो का?" आणि नात म्हणाली होती, "समास असतो तो, आजी. छापल्यावर बांधताना पान आत जातं. आणि वाचणाऱ्याला कधी काही लिहावंसं वाटलं तर जागा हवी ना." मग तिने कॉलेजातल्या बाईंचं म्हणणं सांगितलं होतं. म्हणे घर सोडून परमुलखात आलेल्या माणसांच्या गोष्टींत प्रत्येक पिढी एकाच कसल्यातरी वस्तूतून जगाकडे बघते, आणि ती वस्तू तिच्या बोलण्यात सगळीकडे सापडते. "तू कापडातून बोलतेस, आजी. तुझं लग्न उसवतं, दिवस विरतो, माणूस विटतो. आणि आई बोलते पार्सलातून."

ते खरंच होतं. लेक टपाल कचेरीत पार्सलांच्या खिडकीवर बसायची. कुठलंही दुःख कानावर आलं की ती म्हणायची, 'पोचलं का पण?' आणि स्वतःच्या लहानपणाविषयी तिने आयुष्यात एकच वाक्य उच्चारलं होतं, 'मला उशिरा सोडवून घेतलं.'

"आणि तू गं कशातून बोलतेस?" आजीने विचारलं होतं.

"माझं अजून सापडलेलं नाही," नात म्हणाली होती, आणि मग ते पत्राचं पान निघालं होतं.

खिडकीपाशी उभी असलेली मास्तरीण आता मनाने कुठल्या कुठे गेली होती... नवरा वारला तेव्हा लेक पाच वर्षांची होती. पुढे दोन वर्षांनी इकडच्या कपड्यांच्या कारखान्याने शिवणाऱ्या बायका मागवल्या. येताना सांगितलं होतं, एकटीने यायचं, सहा वर्षं मुलूख सोडायचा नाही, सोडला तर कागद रद्द. सहा वर्षं पुरी केली की मग मूल आणता येईल. तिने सात वर्षांची पोर नणंदेच्या पदराखाली दिली आणि आली. कारखान्यात दीडशे यंत्रं एकदम चालायची. कॉलर, कॉलर, कॉलर. दिवसभरात तिच्या हातून अख्खा कपडा म्हणून जायचा नाही. आपल्याकडच्या ज्या चार बाया होत्या त्यांनी तिचा हात पाहून तिला मास्तरीण नाव ठेवलं. शिंपीकाम करणाऱ्याला मास्तर म्हणायची रीत, म्हणून दोन इयत्ता शिकलेली ती मास्तरीण झाली.

त्या पहिल्याच वर्षी कापड कापणाऱ्या कटरने टेबलावर उरलेला गुलाबी कापडाचा एक तुकडा तिला दिला होता. जेवणाच्या सुट्टीत, रोज थोडं थोडं, हाताने, तिने त्याचा फ्रॉक शिवला. पोर डोळ्यांसमोर नव्हती. माप नव्हतं. मांडीवर घेतल्यावर तिचं डोकं आपल्या हनुवटीला लागायचं, त्या अंदाजाने तिने कापलं... सुई टोचली की तिला बरं वाटायचं, कारण मग डोळ्यांना पाणी आलेलं कुणी विचारायचं नाही. पत्र लिहायची वेळ आली तेव्हा शेजारच्या यंत्रावरची बाई म्हणाली होती, "दे, मी लिहिते, माझं अक्षर वळणदार आहे." आणि ही म्हणाली होती, "माझ्या लेकीला पत्र परक्या हाताने जायचं नाही." अर्धा तास घाम गाळून तिने चार ओळी लिहिल्या होत्या. काय लिहिल्या होत्या?... आता शब्द आठवत नव्हते. फक्त पेन्सिलीचा दाब आठवत होता.

लेक आली. तिच्या हातात पुठ्ठ्याचा एक चपटा डबा होता. तिने तो टेबलावर ठेवला, झाकण काढलं, वरचा पिवळा पडलेला कागद उचलून आईसमोर धरला.

"वाचा. तुमचं अक्षर आहे ना?"

मास्तरणीने चष्मा चढवला. अक्षर तिचंच होतं, बाकावरून पाय लोंबकळते सोडून बसलेल्या मुलांसारखं ओळीवरून खाली आलेलं. ती बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागली.

"बाळ... फ्रॉक... पाठवते आहे. माया सोडली आहे. मोठी होशील तशी... आत्या बघेल. शाळेत जा. आई."

"झालं?" लेक म्हणाली. तिचा आवाज पार्सलाच्या खिडकीवरचा होता, सरळ आणि कोरडा. "आत्याने मला वाचून दाखवलं आणि मधेच थांबली. 'जाऊ दे,' म्हणाली, आणि मला जवळ घेतलं. पुढे मला वाचता आलं तेव्हा मी स्वतः वाचलं. मी सात वर्षांची होते हो. मला वाटलं, मी काय केलं म्हणून आईने माया सोडली?"

मास्तरीण ऐकत नव्हती. तिचं बोट त्या दोन शब्दांवर रुतून बसलं होतं. माया सोडली... माया सोडली... आणि एकाएकी कागदाच्या त्या डागांतून तिला खडूचा वास आला, आणि माहेरच्या ओसरीवर मांडी घालून बसलेले, कानाला पेन्सिल लावलेले वडील दिसले. कापड कापायच्या आधी, दर वेळी, न चुकता, ते म्हणायचे, 'पोरी, कडेला माया सोडलीस का? माया नसेल तर कपडा वाढायचा कसा?'

तिने चष्मा काढला.

तो शब्द तिच्या जिभेवरून कधी उतरला ते तिलाही कळलं नव्हतं. इथे सगळं इकडच्या भाषेत. कात्रीला इकडचा शब्द, शिवणीला इकडचा, आणि शिवणीच्या आत राखायच्या कापडालाही इकडचाच. पहिलं वर्ष सरता सरता वडिलांचे शब्द एकेक करून गळाले होते. दुकानात कामाला असलेल्या पोरींना ती हाच धडा रोज शिकवायची, पण परक्या शब्दात. आणि लेक तर हट्टाने सुईला कधी शिवलीच नाही, दुकानात यायची ती मागच्या दाराने.

"अगं, माया म्हणजे..." मास्तरीण म्हणाली. "ती माया नव्हे. शिंप्याची माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड राखतात, पुढे उसवून सैल करायला, लांब करायला. त्याला आपल्यात माया सोडणं म्हणतात."

लेकीने पत्र तिच्या बोटाखालून काढून घेतलं.

"छान," ती म्हणाली. "पंचेचाळीस वर्षांनी शब्दाचा अर्थच बदलून आणलात. आज पुस्तकात यायची वेळ आली म्हणून?"

"मी खोटं बोलते?"

"मी कुठे तसं म्हणाले? तुम्ही कधीच काही बोलत नाही. ना खोटं, ना खरं. मी उतरले त्या दिवशीसुद्धा तुम्ही माझ्या खांद्याचं माप डोळ्यांनी घेतलंत आणि म्हणालात, 'हाडं दिसतात.' एवढंच."

हे लागलं. लागावं असंच होतं ते. एरवी मास्तरणीने दोन तिखट वाक्यांत समोरच्याला गप्प केलं असतं. आज नाही. ती उठली, यंत्राच्या खणातून ब्लेड काढलं, आणि डब्याकडे हात केला.

"फ्रॉक दे."

"कशाला?"

"दे तर."

"ब्लेड लावायचं नाही त्याला," लेक म्हणाली, आणि तिने दोन्ही हातांनी डबा छातीशी ओढला. बावन्न वर्षांची बाई, कानाशी केस पांढरे झालेली. पण डबा धरला तो सात वर्षांच्या पोरीने. "मी तो आखूड झाला तरी घालत होते. गुडघ्याच्या वर गेला, शाळेतल्या मुली हसायच्या, आत्या ओरडायची, तरी घालत होते. नवव्या वर्षी काखेत फाटायला आला तेव्हा आत्याने काढून ठेवला. त्याला हात लावायचा नाही कुणी."

मास्तरणीने ब्लेड खाली केलं. जिने आपली माया सोडली असं वाटत होतं, तिचाच फ्रॉक ही पोर चाळीसहून जास्त वर्षं छातीशी धरून बसली होती... आणि आपण मात्र दर रविवारी त्या 'तुम्ही'चा हिशेब मनात घोळवत बसलो.

"आखूड झाला?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "आणि नणंदेने खालची दुमड उलटून पाहिली नाही?"

"आत्याला सुईत दोरा ओवता येत नव्हता. आणि दुमड कुठे दिसत होती?"

"दिसणार कशी? मी घातली होती ती," मास्तरीण म्हणाली, आणि त्या क्षणी, त्या तसल्या क्षणीही, तिच्या आवाजात कसबाचा ताठा उमटलाच, मग तिचा तिलाच तो विषारी वाटला. "माझाच हात नडला. जरा गबाळा असता तर कुणाला तरी दिसली असती."

"आई, दे ना तिला," नात म्हणाली. "फक्त एक बाजू."

लेकीने कितीतरी वेळाने डबा खाली ठेवला.

फ्रॉक बाहेर निघाला. गुलाबी म्हणायचा इतकाच. धुऊन धुऊन त्याचा रंग जुन्या कागदासारखा झाला होता. मास्तरणीने तो उलटा केला, खालच्या काठावरून अंगठा फिरवला, आणि डोळे मिटून नेमकी जागा शोधली. ब्लेडचं टोक तुरपाईच्या पहिल्या टाक्याखाली गेलं. टच्... मग दुसरा, मग तिसरा. दोरा कुजला होता, टाके आपणहून सुटू लागले. पहिली दुमड उलगडली. तिच्या आत दुसरी होती. तीही उलगडली.

आतलं कापड गुलाबी होतं. अगदी गडद, त्या दिवशी कटरच्या टेबलावर होतं तसं. ऊन नाही, पाणी नाही, कुणाची नजर नाही. विटक्या फ्रॉकच्या खाली तो पट्टा नुकत्याच कापलेल्या कापडासारखा पसरला.

"बोटं लाव," मास्तरीण म्हणाली.

लेकीने काठाला हाताची चार बोटं आडवी लावली. कापड उरलं. तिने दुसऱ्या हाताची बोटं पुढे लावली. एक... दोन.

"सहा," ती म्हणाली.

"सहा वर्षं होती," मास्तरीण म्हणाली. "दर वर्षाला एक बोट. बगलेत पण आहे बघ, दोन्हीकडे. मला वाटलं, दर वर्षी एकदा आत्या उसवेल, एक बोट खाली सोडेल, आणि तुला सांगेल, बघ, आईने सोडलेली माया... तू येशील तोपर्यंत पुरावी, इतकी मोजून घातली होती. मी इथे कॉलरी शिवायची आणि मनात म्हणायची, आज माझ्या पोरीने दुसरं बोट उलगडलं असेल. आज तिसरं. इकडून येता येत नव्हतं मला, तेवढं तरी तुझ्याबरोबर वाढत असेल असं वाटायचं." ती थांबली. "ती शेजारची बाई लिहून देत होती. वळणदार अक्षरात. तिने चार शब्द जास्त लिहिले असते. मीच नको म्हटलं. आणि तू आलीस, 'तुम्ही' म्हणालीस, तेव्हा एका शब्दाने विचारायचं होतं, का गं अशी? तेही माझ्याने झालं नाही. माझा ताठा."

मास्तरणीने कबुली दिलेली त्या घरात कुणी ऐकली नव्हती. नातीने हातातले कागद नकळत खाली ठेवले.

लेक त्या गुलाबी पट्ट्यावरून हात फिरवत होती, पुन्हा पुन्हा, एकाच दिशेने. तिचे खांदे हलत होते. आवाज मात्र नव्हता, कारण आवाज न करता रडायचं ती फार लहानपणी शिकली होती.

"एवढी सोडली होतीस," ती म्हणाली, "आणि मी थंडीत गुडघे झाकत फिरत होते. सांगितलं का नाहीस गं मला? इतक्या वर्षांत एकदाही का नाही सांगितलंस?"

सोडली होतीस... नाहीस गं... मास्तरणीने ऐकलं. कानात, मग छातीत, मग हातापायांच्या टोकांपर्यंत तिने ते ऐकलं. पाखरू खिडकीत येऊन बसावं आणि माणसाने श्वासही जपून घ्यावा तशी ती बसून राहिली. हललं तर उडेल, या भयाने. डोळ्यांतून मात्र धारा लागल्या होत्या आणि पुसायला हात उचलत नव्हता.

नातीने पेन्सिल उचलली. गठ्ठ्यातलं पत्राचं पान वर काढून तिने ते वाक्य पाहिलं. "हे आता कसं लिहू?" ती म्हणाली. "इकडच्या भाषेत कापडाचा शब्द वेगळा आणि मायेचा वेगळा. दोन्ही एका शब्दात मावतच नाही. खोडून टाकू का सगळं?"

"खोडू नकोस," लेक नाक पुसत म्हणाली. "मी तसंच वाचलं होतं. तेही खरं आहे."

"मग?"

मास्तरणीने पान स्वतःकडे ओढलं आणि कडेच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"हे काय म्हणालीस तू मघाशी? समास?"

"हो."

"माझा बाप याला माया म्हणाला असता. सोडली आहेस ना चांगली दोन बोटं? मग लिही तिथे. आपल्या अक्षरात लिही, आणि खाली त्यांच्या भाषेत समजावून सांग, चार शब्द जास्त गेले तरी चालतील. माझ्यासारखं करू नकोस."

नात आजीकडे पाहतच राहिली. आपण कागदातून, त्याच्या समासातून बोलतो, हे तिला बहुधा त्या घडीला सापडलं असावं. ती पानावर वाकून लिहू लागली. 'माया' लिहिताना एक काना तिने उगाच जास्त दिला.

"एक काना जास्त झाला," दोन इयत्ता शिकलेली आजी म्हणाली.

लेकीने फ्रॉक उचलून उजेडाकडे धरला. सगळी लांबी सोडल्यावर तो तेरा वर्षांच्या मुलीला नेमका गुडघ्याखाली आला असता. काठाचे धागे सुटून लोंबत होते.

"खालून नीट करून दे," ती म्हणाली. "दुमड घालू नकोस आता. नुसता काठ शीव."

मास्तरणीने सुई काढली, दोरा काढला, आणि ओवायला गेली. डोळ्यांपुढे सगळं पाण्यातलं दिसत होतं, दोरा तीनदा सुईच्या बाजूने गेला.

"आण इकडे," लेक म्हणाली. ती आईच्या शेजारच्या स्टुलावर बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिने सुई हातात घेतली, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, आणि एक डोळा बारीक करून नेढ्याकडे पाहू लागली. "तू आधी डोळे पूस. आणि चष्मा घाल."

मास्तरीण मुकाट्याने चष्मा शोधू लागली.